वाचकांचे प्रश्न : कामावरचा अपघात आणि भरपाई

कामावरच्या अपघातांबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात पत्रं या अंकात घेतली आहेत. नावं गाळली आहेत, गाव किंवा भाग तेवढा ठेवला आहे. बहुतेक पत्रांत प्रश्न एकच असतो, "किती मिळतील?" आकडा कायद्यातल्या कोष्टकावरून दहा मिनिटांत निघतो. पण तो पदरात पडणं न पडणं बरंचसं अपघाताच्या दिवशी दवाखान्यात काय लिहिलं गेलं त्यावर ठरतं. म्हणून पहिलं उत्तर लांबलं आहे.

उद्यमबाग, बेळगाव : मी पॉवर प्रेसवर काम करतो. शॉपमध्ये मालक धरून आठ माणसं, ईएसआय (कामगार राज्य विमा) नाही. जून 2025 मध्ये डायमधून (साच्यातून) जॉब (घडवलेला भाग) काढताना प्रेस दुसऱ्यांदा खाली आली आणि उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. वय 35, पगार 18,000. दवाखान्याचं 64,000 चं बिल मालकांनी भरलं, आणि आता "तुझी चूक होती, तरी मी एवढा खर्च केला, विषय संपला" असं म्हणतात. दवाखान्याच्या कागदावर "मोटरसायकलवरून पडला" असं लिहिलंय. मालकांनीच तसं सांगायला लावलं होतं.

विषय संपलेला नाही. तुमचा अपघात 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली येतो. वीज वापरून माल बनवणाऱ्या शॉपला तो लागू आहे, आठ माणसं असोत की दोन. शिवाय या कायद्यात चूक कोणाची हा प्रश्न मुळात विचारलाच जात नाही. काम करत असताना, कामामुळे अपघात झाला एवढं पुरतं. दारू किंवा नशेत असणं, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं, गार्ड मुद्दाम काढून टाकणं, एवढ्याच कारणांवर मालक हात वर करू शकतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तीही कारणं चालत नाहीत. घाईत हात आत गेला याला मुद्दाम म्हणत नाहीत.

आता हिशेब. पगार 18,000 असला तरी 3 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेप्रमाणे महिन्याला 15,000 च धरायचे. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. वय 35 ला कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातला गुणक 197.06. गुणाकार येतो 17,73,540. ही कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम झाली. पहिल्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटं गेल्यास 20 टक्के धरलेत, म्हणजे तुमचे 3,54,708 रुपये. अपघातानंतर महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर वर्षाला 12 टक्के सरळ व्याज, म्हणजे वर्षाला सुमारे 42,565. कारण नसताना टाळाटाळ केली तर मूळ रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड वेगळा. मालकाची विमा पॉलिसी असेल तर मूळ रक्कम आणि व्याज कंपनी देते, दंड मात्र मालकाच्याच खिशातून जातो. दंडाची मागणी अर्जात लिहिलीत की तडजोडीला मालक लवकर तयार होतात, त्याचं कारण हेच.

दवाखान्याचे 64,000 यातून वजा होत नाहीत. उपचाराचा खर्च म्हणजे भरपाई नव्हे, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. उलट तुम्ही स्वतः भरलेली औषधांची, ड्रेसिंगची बिलं असतील तर तीही मालकाकडून मागता येतात. हाताला पट्टी होती त्या काळासाठी दर पंधरा दिवसांना पगाराच्या 25 टक्के, तुमच्या बाबतीत 3,750 रुपये, यांचीही तरतूद आहे, पण अशी मिळालेली रक्कम पुढे एकरकमी भरपाईतून वजा होते.

"मोटरसायकलवरून पडला" ही ओळ तुमच्या केसमधली सगळ्यात मोठी अडचण आहे. "पोलिसांचा ससेमिरा नको" म्हणून मालक असं सांगायला लावतात, वेदनेत माणूस हो म्हणतो, आणि कॅज्युअल्टीतला डॉक्टर ऐकलं ते लिहितो. दीड वर्षाने विमा कंपनीचा वकील तोच कागद तुमच्यासमोर धरतो. ती ओळ आता खोडायला जाऊ नका, खाडाखोड दिसली की शंका दुप्पट होते. दुसरे पुरावे उभे करा. हाताच्या दुखापतीचं वर्णन आधी बघा. मोटरसायकलवरून पडून दोन बोटं एका रेषेत, मुळापासून कापली जात नाहीत, बाकी अंगाला खरचटलेलं असतं. तुमच्या डिस्चार्ज समरीत "क्रश" किंवा "कट" असं काही असेल तर तो शब्द सोन्याचा आहे. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना साक्षीला बोलवता येतं. त्या दिवशीचे कामावरचे सोबती, शॉपमधून दवाखान्यात नेलेल्या रिक्षावाल्याची साक्ष, मालकाने दवाखान्याला केलेलं पेमेंट, घरी केलेल्या फोनच्या वेळा, सगळं जमवा. मोटरसायकलवरून पडलेल्या माणसाचं 64,000 चं बिल शॉपचा मालक का भरेल, हा प्रश्न कोर्टालाही पडतो.

जमल्यास प्रेसचा फोटो मिळवा. तुम्ही सांगता तसा दुसरा स्ट्रोक आपोआप आला असेल तर क्लचची चावी झिजलेली किंवा ब्रेक ढिला असण्याची शक्यता मोठी, आणि पायाच्या पेडलवर चालणाऱ्या जुन्या प्रेसला गार्ड बहुधा नसतोच. अपघातानंतर आठवड्याभरात प्रेस दुरुस्त होते आणि गार्डही बसतो. "गार्ड कामगारानेच काढला होता" हा बचाव मग सोपा जातो.

पुढची पावलं. मालकाला लेखी नोटीस द्या. वकिली भाषा लागत नाही. नाव, पत्ता, तारीख, वेळ, काय काम करताना काय झालं, कोणती बोटं गेली आणि भरपाई हवी, एवढं साध्या मराठीत पुरे. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. जखमीच्या दाव्यात आधी मालकाशी बोलणं होऊन ते फिसकटलं आहे हे दाखवावं लागतं, त्यासाठीही ही नोटीस उपयोगी पडते. मालकाने नोटिशीनंतर तीन दिवसांत स्वखर्चाने डॉक्टरी तपासणी करायला सांगितलं तर जा. नकार दिलात तर तोवर तुमचा हक्क थांबतो. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं, तुमच्या बाबतीत जून 2027. उशिराचं सबळ कारण असेल तर मुदत माफ होते, पण त्याच्या भरवशावर राहू नका. कर्नाटकात हे दावे चालवणाऱ्या कमिशनरचे अधिकार सीनियर सिव्हिल जज्जांकडे आहेत, म्हणून अर्ज कोर्टातच जातो.

खानापूर तालुका : माझे यजमान गोव्यात बांधकामावर सेंट्रिंगचं काम करत होते. डिसेंबर 2024 मध्ये स्लॅबवरून पडून गेले. वय 40. रोज 600. तेराव्याला कंत्राटदार दोन लाख घेऊन आला आणि बॉन्ड पेपरवर माझी सही घेऊन गेला. आता काही करता येईल का? गोव्याला फेऱ्या मारायची ऐपत नाही. मुलगी 14 वर्षांची, मुलगा 19 चा, सासूबाई आहेत.

ताई, त्या बॉन्डची भीती बाळगू नका. मृत्यूच्या भरपाईचे पैसे मालकाने कमिशनरकडे जमा करायचे असतात. परस्पर घरी आणून दिलेले पैसे कायदा भरपाई धरत नाही. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल तेवढी वारसांना थेट देता येते. "यापुढे काही मागणार नाही" असं लिहून घेतलेला करारही या कायद्यात रद्दबातल आहे, मग तो शंभरच्या बॉन्डवर असो की पाचशेच्या. बॉन्डची झेरॉक्स मात्र मिळवा. तुमचे यजमान त्या कंत्राटदाराकडे कामाला होते याची कबुली त्याने त्यात स्वतःच्या सहीने दिलेली असते.

गोव्याला जायची गरज नाही. अपघात झाला तिथे, मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथे, किंवा वारस राहतात तिथे, या तिन्हीपैकी कुठेही दावा लावता येतो. आपल्या भागातून गोवा, कोल्हापूर, इचलकरंजीला कामाला जाणाऱ्यांच्या घरात ही गोष्ट फारशी ठाऊक नाही, आणि तिथले कंत्राटदार "केस करायची तर इकडे या" एवढ्यावर माणसं परतवतात. तुमच्या कोर्टाला फक्त गोव्याच्या कमिशनरला आणि तिथल्या सरकारला तशी सूचना द्यावी लागते. ती पाठवली का, हे वकिलांना दर तारखेला विचारा. नाहीतर केस तिथेच अडकून पडते.

रोज 600 आणि महिन्याला 26 दिवस धरले तर 15,600, म्हणजे मर्यादा 15,000. मृत्यूसाठी त्याचे 50 टक्के, 7,500. वय 40 चा गुणक 184.17. एकूण 13,81,275 रुपये, आणि अंत्यसंस्काराचे 5,000 वेगळे. कंत्राटदार दोन लाखांत का घाई करत होता ते यावरून समजेल. तो ज्या बिल्डरसाठी काम करत होता त्यालाही प्रतिवादी करा. कंत्राटदार गायब झाला तरी मुख्य मालकाकडून पैसे वसूल होतात.

वयाचा पुरावा आधी तपासा. आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी असेल तर ती बहुधा अंदाजाने घातलेली असते. प्राथमिक शाळेचा दाखला काढा. 40 ऐवजी 41 धरलं गेलं तर गुणक 181.37 होतो आणि रक्कम 21,000 ने घटते. दुसरी कटकट नावाची. रेशन कार्डावर कानडीतलं नाव, शाळेच्या दाखल्यावर मराठीतलं, बँकेत इंग्रजी स्पेलिंगचं, आणि तिन्हींत एखादं अक्षर इकडे-तिकडे. ही सगळी नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच करून ठेवा. वंशवृक्ष नाडकचेरीतून (कर्नाटकातल्या महसूल कार्यालयातून) मिळतो.

वारसांत तुम्ही, तुमची अविवाहित मुलगी आणि सासूबाई विधवा असतील तर त्या. 19 वर्षांचा धडधाकट मुलगा यात येत नाही. ते ऐकून घरात वाद होतात, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं. वाटणी कोर्ट ठरवतं, मुलीचा वाटा सहसा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेवला जातो. मुदत डिसेंबर 2026. मृत्यूच्या दाव्यात आधी बोलणी करण्याची अट नाही, थेट अर्ज करता येतो. गोव्यातून एफआयआर, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेमचा अहवाल मात्र मागवावा लागेल.

मच्छे : आमच्या कारखान्यात 30 माणसं आहेत, पण ईएसआयमध्ये नावं फक्त 12 जणांची. माझं नाही. ग्राइंडरचं चाक फुटून मनगटाला लागलं. मालक म्हणतात आता तुझं नाव घालतो, पुढच्या महिन्याच्या तारखेने.

पुढच्या महिन्याच्या तारखेला अजिबात राजी होऊ नका. कामाला लागल्याची खरी तारीख आणि अपघाताची खरी तारीख, दोन्ही नोंदल्या गेल्या पाहिजेत. नाहीतर अपघात विम्याच्या आधीचा ठरतो आणि तुम्ही दोन्हीकडून सुटता.

दहा किंवा जास्त माणसं आणि पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआय लागू होतो, नाव घातलेलं असो वा नसो. मालकाने हप्ता भरला नाही म्हणून कामगाराचा हक्क जात नाही, ईएसआय महामंडळ तुम्हाला देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. आजारपणाच्या लाभाला ठरावीक दिवसांचा हप्ता भरलेला लागतो. कामावरच्या इजेला तशी अट नाही, पहिल्या दिवशी अपघात झाला तरी चालतो. मालकाने अपघात वहीत (नमुना 11) नोंद करून अपघात अहवाल (नमुना 12) पाठवायचा असतो. पाठवत नसेल तर तुम्ही स्वतः शाखा कार्यालयात लेखी कळवा आणि शिक्क्याची पोच घ्या.

बरे होईपर्यंत रोजच्या वेतनाच्या 90 टक्के मिळतात. कायमचं अपंगत्व राहिलं तर वैद्यकीय मंडळ टक्के ठरवतं आणि त्याप्रमाणे आयुष्यभर दरमहा रक्कम येते. ईएसआय लागू असेल तर 1923 च्या कायद्याखाली वेगळी भरपाई मागता येत नाही, निवडीला वाव नाही. एकरकमी पैसे नाहीत म्हणून अनेकजण नाराज होतात, पण तिशीतल्या माणसाला आयुष्यभराची दरमहा रक्कम आमच्या मते जास्त मोलाची. सावकाराच्या घरी जायला ती एकदम हातात येत नाही, हाही तिचा गुणच.

इथे नेहमी चुकतं ते रजेच्या चिठ्ठीत. खासगी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन दोन महिने घरी बसतात आणि मग 90 टक्के मागायला जातात. रजा ईएसआयच्या डॉक्टरने दाखवलेली लागते. अशोकनगरच्या ईएसआय हॉस्पिटलात किंवा तुमच्या दवाखान्यात ठरल्या तारखेला जाऊन दाखला पुढे वाढवत राहा.

वडगाव : माझा भाऊ चार मागांच्या शेडमध्ये मीटरवर काम करतो. धोटा उडून डोळ्याला लागला, नजर गेली. पगारपत्रक नाही, मालक म्हणतो हा माझा कामगारच नाही.

मीटरवर, नगावर काम करणाराही कायद्यात कामगारच. एका डोळ्याची नजर गेली आणि दुसरा डोळा चांगला असेल तर 30 टक्के. डोळाच काढावा लागला असेल तर 40. ऑपरेशनच्या कागदावर दोहोंपैकी काय लिहिलंय ते नीट वाचा, एका ओळीने हिशेब बदलतो.

कमाई दाखवायला आधीच्या 12 महिन्यांची सरासरी काढतात. शनिवारी पाकिटात रोख मिळत असेल तर मीटर लिहिलेली वही, फोनपेवर आलेली उचल, सुताची चिठ्ठी, मालकाचे व्हॉट्सअॅप निरोप, सोबतचा विणकर, जे असेल ते. मेसेज डिलीट होण्याआधी स्क्रीनशॉट काढा आणि तो फोन विकू नका. काहीच नसेल तर कोर्ट किमान वेतनाच्या अधिसूचनेचा आधार घेतं. त्यात रक्कम कमी बसते, पण हाती काहीच नसण्यापेक्षा बरी.

अथणी : ऊस भरताना ट्रॉलीच्या फाळक्याखाली सापडून दिराचा पाय मोडला. कारखाना म्हणतो मुकादमाला विचारा, मुकादम म्हणतो ट्रॅक्टरवाल्याला.

तिघांनाही प्रतिवादी करा, शिवाय ट्रॅक्टर-ट्रॉलीची विमा कंपनी चौथी. कोणाचं दायित्व ते कोर्ट ठरवेल. तुम्ही एकालाच धरलंत आणि तो सुटला तर दोन वर्षांची मुदत निघून गेलेली असते.

कारखान्याबद्दल खरं सांगायचं तर जागा महत्त्वाची. कंत्राटदाराच्या माणसाला झालेल्या इजेची जबाबदारी मुख्य मालकावर येते खरी, पण अपघात त्याच्या ताब्यातल्या आवारात किंवा आसपास झालेला असला पाहिजे. केन यार्डात (ऊस उतरवतात त्या आवारात) किंवा वजनकाट्यापाशी झाला तर कारखान्याला धरणं सोपं. शेतकऱ्याच्या फडात झाला तर अवघड, तिथे मुकादम आणि वाहतूकदारावर भर द्या. टोळीचा करार, उचलीची नोंद, तोडणीच्या स्लिपा मिळवा.

वाहनामुळे झालेल्या अपघातात मोटर अपघात न्यायाधिकरण किंवा कर्मचारी भरपाई, एकच वाट धरता येते, दोन्ही नाही. न्यायाधिकरणात 15,000 ची मर्यादा नाही आणि वेदना, पुढचा उपचार वगैरेही मोजले जातात, पण वाहन चालवणाऱ्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. तिथली मुदतही सहा महिन्यांचीच. भरपाई कायद्यात चूक दाखवायची गरज नसते. उभ्या ट्रॉलीचं फाळकं पडलं असेल आणि ड्रायव्हरची चूक सिद्ध होण्यासारखी नसेल तर दुसरी वाट धरा. विमा पॉलिसीत भरणाऱ्या माणसांसाठीचा जादा हप्ता भरलेला आहे का, ते आधी पाहा.

निपाणी : कागलच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला जाताना हायवेवर ट्रकने उडवलं. हा कामावरचा अपघात धरतात का? आणि नवा लेबर कोड आल्यावर जुन्या केसेसचं काय?

ईएसआयमध्ये घर ते कारखाना हा प्रवास 2010 पासून धरलेला आहे. 1923 च्या कायद्याबद्दल मतभेद होते. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मिटवले. पहाटे 3 च्या पाळीला साखर कारखान्यावर निघालेल्या रखवालदाराचा वाटेत मृत्यू झाला होता, त्या केसमध्ये कोर्टाने म्हटलं की वेळ, वाट आणि काम यांचा संबंध दिसत असेल तर तो कामावरचाच अपघात. म्हणून पाळीचं वेळापत्रक आणि अपघाताची वेळ जुळली पाहिजे. वाटेत पाहुण्यांकडे वळला असाल तर संबंध तुटतो. तुमच्या बाबतीत ट्रकच्या विम्यावर न्यायाधिकरणाची वाटही आहेच. निवड करण्याआधी वकिलाकडून दोन्हींचा हिशेब कागदावर मांडून घ्या.

नव्या लेबर कोडपैकी भरपाईची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. त्याआधीचा अपघात असेल तर हक्क जुन्या कायद्याप्रमाणे, केस बुडत नाही. त्यानंतरच्या अपघाताला संहिता. 50 आणि 60 टक्क्यांचा सांगाडा तिथेही तोच आहे, येण्याजाण्याचा प्रवास स्पष्ट शब्दांत आला आहे, आणि कमिशनरच्या जागी सक्षम अधिकारी हा शब्द आहे. अर्जावर कायद्याचं नाव अपघाताची तारीख बघूनच घाला.

शहापूर : दवाखान्यातच एक माणूस भेटला. वकील देतो, खर्च शून्य, मिळतील त्यातले 30 टक्के, असं म्हणतो. सही करावी का?

करू नका. मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला मना आहे. मधला माणूस तर वकीलही नसतो. तो कोऱ्या वकालतनाम्याबरोबर कोरा चेकही सही करून मागतो, तिथेच उठून यायचं. भरपाईची रक्कम तुमच्या नावावर येते, आणि कर्जापोटी तिच्यावर जप्ती आणता येत नाही की ती दुसऱ्याच्या नावे करता येत नाही.

फुकट वकील सरकारकडूनच मिळतो. 1987 च्या विधी सेवा कायद्यात औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. बेळगावात जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते, फोन 15100. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथे लिहून घेतात. जाताना दवाखान्याचे कागद, आधार, वयाचा दाखला आणि कामाचा जो असेल तो पुरावा न्या. फुकटचा वकील लक्ष देत नाही अशी तक्रार येते आणि कधी कधी ती खरीही असते. तसं झालं तर त्याच कार्यालयात वकील बदलून मागता येतो.

खासगी वकील धरलात तर फी आकड्यात ठरवा, टप्प्याटप्प्याने द्या, पावती घ्या. आणि पहिल्याच भेटीत विचारा की डॉक्टरची साक्ष कोण आणणार. बिम्समधून (बेळगावच्या सरकारी रुग्णालयातून) काढलेल्या अपंगत्वाच्या कार्डावर 25 टक्के असतील तर तो शरीराचा आकडा झाला. परिशिष्टात नसलेल्या इजेत, समजा मनगट वळत नाही किंवा पाय आखूड झाला, तर कमाईची क्षमता किती घटली हे डॉक्टरने ठरवायचं असतं. हमाल आणि कारकून यांच्या मोडक्या गुडघ्याचं नुकसान सारखं नसतं. सुप्रीम कोर्टाने 1975 मध्ये डावा हात कोपराच्या वर कापलेल्या सुताराला पूर्ण अपंग धरलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. डॉक्टरला तुमचं काम नेमकं सांगा. रोज किती किलो उचलता, उभं राहून किती तास, हात कुठल्या दिशेला वळावा लागतो. दाखल्यात ते आलं नाही, किंवा डॉक्टर उलटतपासणीला आलाच नाही, तर टक्के अर्ध्यावर येतात.

कोर्टाचे समन्स कानडीत येतात. वाचता येत नाही म्हणून ते देवघराच्या फळीवर पडून राहतात आणि तारीख चुकते. आला त्याच दिवशी कोणाकडून तरी वाचून घ्या. साक्ष मराठीत देता येते, पण जबानी लिहिली जाईल ती कानडीत किंवा इंग्रजीत. सही करण्याआधी वकिलाकडून ती मराठीत वाचून घ्या, विशेषतः तारीख आणि "कोणत्या हाताला" हे दोन तपशील. निकालाने समाधान झालं नाही तर 60 दिवसांत हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात अपील, पण तेही कायद्याच्या मुद्द्यावरच. मालकाला किंवा विमा कंपनीला अपील करायचं तर आधी सगळी रक्कम भरावी लागते, म्हणून तेही सहसा दहादा विचार करतात.